गिटारची घूं आणि गटाचं कर्ज

गटाकडे येणाऱ्या कर्जाच्या अर्जांबद्दल आपण या कार्यक्रमात अधूनमधून बोलतो. शेळी, शिलाई मशीन, शेवयांचं यंत्र, पोराची फी, दवाखाना हे सगळं आपल्या ओळखीचं. शेळी घ्यायची तर दात बघायचे, कास बघायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण आता लेकी शिकल्या, निरनिराळ्या कामांना लागल्या, तसे अर्जही निराळे यायला लागलेत. यंदा आमच्याकडे एक अर्ज आला, त्यावर कारण लिहिलं होतं, "इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बदलणे" आणि रक्कम रुपये २४,०००.

अर्ज गटातल्या एका ताईंचा, गिटार त्यांच्या लेकीची. ती ऑर्केस्ट्रात वाजवते. लग्नसराई, यात्रा, गणपती-नवरात्र अशा सुपाऱ्या असतात. तिच्या गिटारमधून सारखी "घूंऽऽ" अशी घरघर येते आणि गाणं हळू झालं की तीच मोठी ऐकू येते. मालकाने सांगितलं, ही घूं बंद कर, नाहीतर सिझनला दुसरा माणूस बघतो. साउंडवाला म्हणाला, नॉइजलेस पिकअप टाक, म्हणजे बिनआवाजाचे. झालं, अर्ज लिहिला गेला. बैठकीत सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पिकअप म्हणजे आम्हाला माहीत असलेली ती मालाची गाडी! हसू आलं, पण २४,००० म्हणजे चेष्टा नव्हे. मग आम्ही ठरवलं, शेळीची कास बघतो तशी या गिटारचीही बघायची. लेकीला गिटार आणि ॲम्प्लिफायर घेऊन बैठकीला बोलावलं, माहिती गोळा केली, वायरमन दादांना विचारलं. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगतोय. यातली निम्मी गोष्ट गिटारची आहे आणि निम्मी आपल्या घरातल्या विजेची. तेव्हा घरात गिटार नसली तरी रेडिओ बंद करू नका.

आधी पिकअप म्हणजे काय ते बघू. साधी गिटार पोकळ असते, तिचा आवाज लाकडी पेटीत घुमतो. इलेक्ट्रिक गिटार बहुतेक भरीव असते, नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही नीट ऐकू जात नाही. तिच्या तारांखाली बोटभर लांबीच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, तेच पिकअप. आत लोहचुंबक असतं आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची तार पोलादी. ती थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी थोडीशी वीज तयार होते. ती वायरने ॲम्प्लिफायरकडे जाते आणि तिथे तिचा मोठा आवाज होतो. मायकल फॅरडे नावाच्या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवलेलं हेच तत्त्व आहे. सायकलचा डायनॅमो चालतो त्यावरच, आणि धरणावरचं वीजघरही. गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टीचा जो बँजो वाजतो, त्याच्या तारांखालीही असाच पिकअप असतो.

आता घोटाळा इथे आहे. ते वेढे तारेची थरथर ओळखतात, पण समोर कोण आहे हे त्यांना कळत नाही. जवळपास कुठलंही बदलतं चुंबकक्षेत्र असेल तर ते त्याचीही वीज करतात. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून परत मूळ जागी येते, त्यालाच ५० हर्ट्झ म्हणतात. अमेरिकेत हा आकडा ६० आहे. ज्या वस्तूतून ही वीज वाहते तिच्याभोवती सेकंदाला ५० वेळा हलणारं चुंबकक्षेत्र असतं. पंख्याची मोटर, पिठाची चक्की, जुना टीव्ही, बोअरची मोटर, खुद्द ॲम्प्लिफायरच्या आतला ट्रान्सफॉर्मर, सगळे यात आले. पिकअप हे सगळं इमानदारीने उचलतो आणि स्पीकरमधून खर्जातली "घूं" येते. म्हणजे गिटार बिघडलेली नसते. ऐकू नये तेही ती ऐकते, एवढंच.

एकच वेटोळं असलेल्या पिकअपला सिंगल कॉइल म्हणतात. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार काढली, तिच्यात असे तीन पिकअप होते. आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त-महाग गिटारी त्याच घाटाच्या आहेत. आमच्या ताईंच्या लेकीचीही तशीच. या पिकअपचा आवाज काचेसारखा लख्ख, म्हणून वादकांना तो सोडवत नाही. त्या लख्ख आवाजाबरोबर घूं पदरात पडते.

तिच्यावरचा पहिला मोठा तोडगा गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी काढला. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी शेजारी. त्यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तो मंजूर झाला १९५९ मध्ये. मधल्या काळात पिकअपच्या खाली "पेटंटसाठी अर्ज केला आहे" अशी चिठ्ठी चिकटवून ते विकले जात होते आणि आज त्या चिठ्ठीवाल्या पिकअपना सोन्याचा भाव आहे. अर्ज चार वर्षं पडून राहण्याचा अनुभव आपल्यालाही आहेच, फक्त आपल्या चिठ्ठ्यांना कुणी भाव देत नाही!

या दोन वेटोळ्यांची युक्ती आपल्या जमा-खर्चाच्या वहीवरून पटकन समजते. दोन वेटोळी म्हणजे दोन लिहिणाऱ्या. बाहेरून आलेली घूं पहिली "जमा" बाजूला लिहिते आणि दुसरी, तिचं वेटोळं उलटं जोडलेलं असल्यामुळे, तेवढीच रक्कम "नावे" बाजूला लिहिते. बेरीज शून्य. मग तारेचा आवाजही शून्य व्हायला हवा की! तो होत नाही, कारण दुसऱ्या वेटोळ्याचं चुंबकही उलटं बसवलेलं असतं. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं. तारेचा आवाज दोघी "जमा" लिहितात, त्यामुळे तो दुप्पट भरतो. बाहेरची घूं या चुंबकातून येत नाही, म्हणून चुंबक उलटवल्याचा तिच्यावर काही परिणाम नाही. अशा पिकअपला हमबकर म्हणतात. पण तो रुंद असतो, त्याचा आवाज जाड, भरदार असतो. सिंगल कॉइलच्या अरुंद खाचेत तो बसत नाही, लाकूड कोरावं लागतं. म्हणून पुढे असे पिकअप निघाले, जे सिंगल कॉइलच्याच मापाचे, त्याच लख्ख आवाजाच्या जवळ जाणारे, तरी घूं मारणारे. यांनाच नॉइजलेस म्हणतात.

इथपर्यंत ऐकून वाटेल, मग काय, बदलून टाकायचे. थांबा. गिटारमधून येणारा प्रत्येक नको असलेला आवाज म्हणजे ही घूं नसते आणि नॉइजलेस पिकअप फक्त या एकाच घूंवर औषध आहे. ताप आला म्हणून सगळ्यांना एकच गोळी देऊन चालत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी तपासणी करायची. तिला एक रुपया लागत नाही. आम्ही बैठकीतच केली.

पहिल्यांदा गिटारवरचं आवाजाचं बटण पूर्ण शून्यावर न्यायचं. तरीही आवाज तेवढाच येत असेल तर तो पिकअपचा नाही. तो वायरचा, ॲम्प्लिफायरचा किंवा विजेच्या जोडणीचा आहे. पिकअप सोन्याचा बसवला तरी तो जाणार नाही. आमच्याकडे बटण शून्यावर नेल्यावर शांत झालं, म्हणजे चोर गिटारच्या आतच होता.

मग आवाज पुन्हा वाढवून, गिटार गळ्यात असतानाच वादकाने जागेवर हळूहळू गोल फिरायचं. घूं एका दिशेला मोठी आणि एका दिशेला जवळजवळ नाहीशी होत असेल तर ती चुंबकक्षेत्राची, सिंगल कॉइलने उचललेली खरी घूं. लेक फिरली तशी आमच्याकडे ती कमी-जास्त झाली. ॲम्प्लिफायरपासून चार पावलं लांब गेल्यावर आणखी उतरली. ही तर फुकटची सुधारणा आहे. स्टेजवर कित्येक वादक ॲम्प्लिफायरला चिकटून उभे असतात, त्यांनी नुसतं बाजूला सरकून, थोडं वळून उभं राहिलं तरी फरक पडतो.

तिसरी तपासणी तारांना हात लावून करायची. हात काढला की बारीक, तिखट "झर्रर्र" वाढतं आणि हात ठेवला की कमी होतं का? ही झरझर घूंपेक्षा वेगळी. ट्यूबलाइट, हलका एलईडी दिवा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांच्यातून ती येते आणि गिटारच्या आतल्या उघड्या वायरी तिला पकडतात. आमच्याकडे तीही निघाली! पंख्याचा रेग्युलेटर एकवर ठेवला की झर्र वाढायची, पंखा बंद केला की गप्प. म्हणजे साउंडवाला ज्याला एक आवाज समजत होता ते दोन होते. झरझरीवर औषध म्हणजे आवरण. गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावायची, पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या म्हणजे विजेचा दुवा तुटत नाही, आणि तो सगळा पत्रा गिटारच्या आतल्या अर्थच्या वायरला डाग देऊन जोडायचा. पिन जिथे खुपसतात त्या जॅकचं गरम टोक तेवढं पट्टीला लागू द्यायचं नाही, नाहीतर आवाजच बंद होईल. पिकअपच्या खर्चापुढे ही पट्टी म्हणजे किरकोळ. मात्र हे करून खरी घूं जात नाही, कारण तांब्याचा पातळ पत्रा ५० हर्ट्झचं चुंबकक्षेत्र अडवू शकत नाही. दोन रोग, दोन औषधं.

बाकीचे आवाज पटकन सांगतो. बटण फिरवताना "कडकड" झाली तर आत धूळ, क्लीनरचा एक फवारा पुरतो. वायर हलवल्यावर आवाज गेला-आला तर जॅक सैल किंवा डाग सुटलेला. "सूंऽऽ" असा वाफेसारखा आवाज ॲम्प्लिफायर जास्त चढवल्याचा, तो कुठल्याच पिकअपने जात नाही. "टिरिरिर टिरिरिर" झालं तर खिशातला मोबाइल.

चौथी तपासणी मजेची आहे. या घाटाच्या गिटारवर पाच जागांचा खटका असतो. एक, तीन आणि पाच या जागांवर एकेकच पिकअप चालतो, दोन आणि चारवर दोन-दोन. हल्लीच्या बऱ्याच गिटारींत मधला पिकअप मुद्दाम उलटा गुंडाळलेला, उलट्या चुंबकाचा असतो. म्हणजे दोन आणि चारवर आपल्या जमा-नावेचा खेळ आपोआप होतो आणि घूं जाते. लेकीने खटका दोनवर टाकला आणि काय सांगू, खोलीत एकदम शांतता! गटातल्या आजी म्हणाल्या, "अगं, मग इथंच ठेव की कायमचा." लेक म्हणाली, "आजी, प्रत्येक जागेचा आवाज वेगळा आहे." तेही खरं. पण ज्यांना फक्त साथ वाजवायची आहे त्यांनी आजींचं ऐकायला हरकत नाही.

आता ज्यासाठी हा विषय रेडिओवर आणला ते बोलतो. अर्थिंग.

कुठलीही गिटार उघडा, तारांपासून एक वायर आत गेलेली दिसेल. तारा पुलाला, पूल त्या वायरला, वायर जॅकला, जॅक ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला आणि तो पत्रा थ्री-पिन प्लगच्या वरच्या जाड पिनेतून घराच्या अर्थिंगला. म्हणजे वादकाची बोटं कायम ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला लागलेलीच असतात. अर्थिंग चांगलं असेल तर हे सुरक्षित. पण अर्थिंग नसेल आणि आत फेजची वायर पत्र्याला लागली, तर ती वीज थेट तारांवर येते. वादक एका हाताने तारा धरून उभा आहे आणि त्याचे ओठ किंवा दुसरा हात मायकला लागला, मायक वेगळ्या यंत्राला जोडलेला, की वीज अंगातून, छातीतून जाते.

हे आम्ही घाबरवायला सांगत नाही. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधल्या स्वान्सी गावी स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवर असाच गेला. गिटार वाजवत असताना अर्थिंग नसलेल्या मायकला हात लागला. वय २७. चार वर्षांनी, १९७६ मध्ये, यार्डबर्ड्स बँडचा गायक कीथ रेल्फ घरीच इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला, तिथेही अर्थिंगचाच दोष होता.

आणि आपल्याकडे काय चालतं ते तुम्ही पाहिलंय. मांडवात थ्री-पिन प्लग बसत नाही म्हणून वायरीची टोकं सोलून सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काडीने दाबून बसवायची. अर्थची वायर लोंबकळत. जनरेटर आला की अर्थिंगचा विषयच नाही. त्याहून वाईट म्हणजे काही जण घूं जावी म्हणून मुद्दाम प्लगची जाड पिन तोडतात! त्याने आवाज कधीकधी खरंच कमी होतो. त्याचं कारण असं. गिटारचा ॲम्प्लिफायर एका बोर्डवर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डवर असेल, आणि मधे आवाजाची वायरही असेल, तर अर्थच्या दोन वाटा होऊन एक गोल तयार होतो आणि त्या गोलातून घूं फिरते. पिन तोडली की गोल तुटतो, पण संरक्षणही तुटतं. बरोबर उपाय म्हणजे गिटार, कीबोर्ड, मिक्सर सगळं एकाच, चांगल्या अर्थिंगच्या बोर्डवरून घ्यायचं. तरीही घूं राहिली तर मधे डीआय बॉक्स नावाची डबी लावायची, तिच्यावर अर्थ सोडवण्याचा खटका असतो. तो आवाजाच्या वायरीचा अर्थ सोडवतो, विजेच्या प्लगचा नाही. पिन कुणीही, कुठल्याही कारणाने तोडायची नाही. आवाज कितीही वाईट येत असला तरी त्याने कुणी मरत नाही.

आम्ही वायरमन दादांना ताईंच्या घरी नेलं. सॉकेटला तिसरं भोक होतं, मागे वायरच नव्हती. त्याच सॉकेटवर मिक्सर चालायचा, पाणी तापवायचा रॉडही. ताई म्हणाल्या, "रॉड लावल्यावर बादलीला हात लावला की मुंग्या येतात, मला वाटलं असंच असतं." असं नसतं, मैत्रिणींनो. मुंग्या येतात तिथे अर्थिंग नाही किंवा आत बिघाड आहे. दादांनी अंगणात खड्डा घेऊन अर्थिंग करून दिलं, मेन बोर्डाजवळ ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला. वीज भलत्या वाटेने जायला लागली की हा खटका क्षणात पडतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहा म्हणाले. हा खर्च मूळ अर्जात नव्हता. तो आम्हीच घालायला लावला.

मग राहिली खरी घूं आणि पिकअपची निवड. दुकानात नावं पुष्कळ, पण आतली रचना मोजकीच आहे. सगळ्यात जास्त दिसते ती एकावर एक, थरांची. वरचं वेटोळं तारा ऐकतं आणि घूंही ऐकतं. खालचं तारांपासून लांब, त्यामुळे त्याला मुख्यतः घूंच ऐकू येते, ती ते "नावे" लिहितं. घूं वजा, आवाज शिल्लक. थोडा आवाज खालच्या वेटोळ्यातही जातो, तो कापला जातो, म्हणून जुन्या सिंगल कॉइलची वरची चमक किंचित कमी वाटते. चांगल्या कारागिरांनी हे अंतर खूप कमी केलंय. ज्याला लख्ख, साफ आवाज हवा त्याने हे बघावेत. दुसरी रचना शेजारी शेजारी दोन बारीक पट्ट्यांची. तो सिंगल कॉइलच्या खाचेत बसवलेला छोटा हमबकरच. आवाज जाड, जोर जास्त, रॉक वाजवणाऱ्याला बरा. तिसरी वाटणीची, तीन तारा एका वेटोळ्याला, तीन दुसऱ्याला. फेंडर कंपनी १९५७ पासून बास गिटारमध्ये हेच करते. चौथी बॅटरीवाली, आत छोटं सर्किट असतं, फार शांत, पण नऊ व्होल्टची बॅटरी लागते आणि नेमक्या मुख्य गाण्याला ती संपली की गिटार मुकी. सुपाऱ्या करणाऱ्या मुलीला आम्ही ही सुचवली नाही.

निवड करताना पहिला प्रश्न ब्रँडचा नाही. तू काय वाजवतेस, हा आहे. हिंदी-मराठी चित्रपटगीतं, कोळीगीतं, भक्तिगीतं यांत गिटारचा आवाज साफ लागतो, म्हणून थरांचे, मध्यम जोराचे. दुकानदार मल्टीमीटर लावून दाखवतो की यात ओहमचा आकडा जास्त, म्हणून पिकअप ताकदवान. ते खरं नाही. थरांच्या पिकअपमध्ये दोन वेटोळी असतात, आकडा मोठा येणारच.

दुसरा प्रश्न, एक बदलायचा की तीनही? इथे पुष्कळ जण फसतात. पैसे वाचवायला फक्त पुलाजवळचा नॉइजलेस घेतला, तर एकवर शांतता येते, पण दोनवर, जिथे आधी फुकट शांतता होती, तिथे घूं सुरू होते! कारण तिथे आता मधल्या जुन्या पिकअपची घूं लिहायला समोर कुणी उरलं नाही. शिवाय दोन कंपन्यांच्या पिकअपची चुंबकं उलटसुलट निघाली तर दोघांचा मिळून आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा होतो. तेव्हा दोन आणि चार या जागा जास्त वाजवणाऱ्याने एकाच कंपनीचा तिन्हींचा संच घ्यावा, किंवा काहीच बदलू नये. ज्याचं सगळं काम एकाच जागेवर आहे त्याने एकच बदलला तर चालेल.

तिसरं, माप. थरांचे पिकअप जुन्यांपेक्षा उंच असू शकतात, स्वस्त गिटारची खाच उथळ असू शकते. आधी पट्टी घालून खोली मोजा. तारांमधलं अंतरही जुळवून बघा. आवाजाच्या बटणाच्या आतला पॉट किती ओहमचा लागतो ते कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचा. मोठ्या नावांची नकली मालही असतो, म्हणून पक्की पावती हवीच.

लेकीने पट्टी लावली, झरझर गेली. नव्या अर्थिंगवर वाजवून बघितलं, घूं तिन्ही एकेरी जागांवर होतीच. म्हणजे संचाची गरज खरी होती, हे आता सगळ्यांना पटलं. पण नवा संच तिच्या गिटारच्या किमतीपेक्षा महाग. चौकशी करता पुण्यातल्या एका वादकाकडे वापरलेला संच मिळाला. पिकअपमध्ये झिजण्यासारखं फार काही नसतं, त्यामुळे वापरलेला घ्यायला हरकत नाही, फक्त मल्टीमीटर लावून बघायचं. कंपनीच्या आकड्याजवळ आकडा आला तर ठीक, आकडाच आला नाही तर आतली तार तुटलेली आहे, घेऊ नका.

मूळचा अर्ज मागे घेऊन नवा लिहिला. संच, डाग देण्याची मजुरी आणि अर्थिंगमधला काही भाग मिळून १२,०००. व्याज आपलं नेहमीचं, शेकडा २ रुपये महिना, उरलेल्या मुद्दलावर. दर महिना १,२०० मुद्दल, दहा हप्ते. पहिल्या महिन्याचं व्याज २४०, दुसऱ्याचं २१६, असं उतरत एकूण १,३२० रुपये. हप्ते लग्नसराईत सुरू करायचे, कारण तेव्हाच सुपाऱ्यांचे पैसे हातात येतात. ठराव सगळ्यांच्या सह्यांनी झाला. आजींनी अंगठा दिला आणि लेकीला बजावलं, की मांडवात उभं राहायच्या आधी प्लगची तिसरी पिन बघायची.

डाग देणाऱ्याकडे जाताना तिने जुन्या जोडणीचे मोबाइलवर चार फोटो काढून ठेवले, म्हणजे कुठली वायर कुठे होती याचा वाद नको. जुने तीन पिकअप, त्यांचे स्क्रू आणि झाकणं तिने स्टीलच्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवलेत. उद्या गिटार विकायची झाली तर जुने परत बसवायचे आणि नवा संच वेगळा विकायचा. त्या डब्याची नोंदही आम्ही कर्जाच्या फाइलला लावली आहे.